यंत्राचा निबंध आणि विद्यार्थ्याचा विचार

विद्यापीठात शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास केव्हा ना केव्हा निबंध लिहावा लागतो. कोणी इतिहासाच्या वर्गासाठी एखाद्या तहाची कारणमीमांसा करतो, कोणी वनस्पतिशास्त्रातील प्रयोगाचा वृत्तांत लिहितो, तर कोणी पदव्युत्तर परीक्षेसाठी शे-दीडशे पानांचा प्रबंध सादर करतो. विषय व विस्तार भिन्न असले तरी ह्या लेखनामागील अपेक्षा एकच असते. वाचलेले त्याला कितपत समजले, त्यातून तो स्वतःचा निष्कर्ष कसा काढतो व त्या निष्कर्षास कोणता आधार देतो, हे निबंधावरून शिक्षकास कळावे. पूर्ण झालेला निबंध हा विद्यार्थ्याने केलेल्या बौद्धिक श्रमाचा पुरावा होय, असे आपण कित्येक पिढ्या गृहीत धरीत आलो. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय ह्या अमेरिकन संस्थेने 'चॅटजीपीटी' हे साधन सर्वांसाठी खुले केले आणि ह्या गृहीतास धक्का बसला. प्रश्न लिहून दिला की अल्पावधीतच सुबक, निर्दोष वाक्यांचा निबंध पडद्यावर उमटू लागला. त्यानंतर अशी अनेक साधने निघाली. त्यांस 'जनरेटिव्ह एआय', म्हणजे सर्जक कृत्रिम बुद्धिमत्ता, असे नाव आहे. ह्या पुस्तिकेत सोयीसाठी आपण त्यांना 'भाषायंत्र' म्हणू.

भाषायंत्राविषयी दोन प्रकारची मते ऐकू येतात. विद्यार्थी आता विचार करणेच सोडून देतील, असे काहींस वाटते. गणकयंत्र आले म्हणून गणित बुडाले नाही, तद्वतच हे साधनही अंगवळणी पडेल, असे दुसरे म्हणतात. ह्यांपैकी कोणते मत मानावयाचे हे ठरविण्यापूर्वी तीन गोष्टी पाहावयास हव्यात : यंत्र लिहिते कसे, निबंध लिहिताना विद्यार्थ्याच्या मनात काय घडते आणि प्रत्यक्ष प्रयोगांत काय आढळून आले.

यंत्र वाक्य कसे जुळविते?

ह्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १९१३ साली आंद्रेई मार्कोव्ह ह्या रशियन गणितज्ञांनी पुश्किनच्या 'येव्गेनी ओनेगिन' ह्या पद्य कादंबरीतील २०,००० अक्षरे मोजली. त्यांत ८,६३८ स्वर निघाले. स्वरामागून पुन्हा स्वर येण्याचा संभव अल्प असतो व व्यंजनामागून स्वर येण्याचा संभव बराच अधिक असतो, हे त्यांनी आकड्यांनी दाखविले. म्हणजे आधीचे अक्षर ठाऊक असल्यास पुढच्या अक्षराविषयी अंदाज बांधता येतो. १९४८ साली क्लॉड शॅनन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी हाच विचार शब्दांना लावला. एका शब्दामागून कोणता शब्द किती वेळा येतो, एवढ्याच माहितीवर त्यांनी इंग्रजी शब्दांची एक माळ तयार करून दाखविली. ती वाचताना क्षणभर अर्थ लागल्यासारखा वाटतो; परंतु ते वाक्य कोणासही काही सांगत नसते.

आजचे भाषायंत्र ह्याच कुळातील आहे, मात्र त्याचा पसारा अवाढव्य आहे. 'पावसाळ्यात नदीला' एवढे शब्द कानी पडले की पुढे 'पूर' हा शब्द येणार, असे आपल्याला वाटते. हा अंदाज आपण ऐकलेल्या असंख्य वाक्यांवरून बांधलेला असतो. यंत्रही असाच अंदाज बांधते. त्यासाठी त्याला ग्रंथ, लेख व महाजालावरील मजकूर ह्यांचा प्रचंड साठा पुरविलेला असतो. २०१७ साली गूगलमधील संशोधकांनी 'ट्रान्सफॉर्मर' नावाची रचना मांडली. तिच्यामुळे मजकुरातील प्रत्येक शब्दाचा मागच्या दूरदूरच्या शब्दांशी असलेला संबंध तोलणे यंत्रास शक्य झाले. पुढे माणसांनी दिलेल्या पसंती-नापसंतीवरून त्याला उत्तरे देण्याचे वळण लावण्यात आले. त्यामुळे त्याची भाषा आज इतकी सफाईदार झाली आहे.

यंत्र शब्द जसाच्या तसा घेत नाही. त्याचे लहान लहान तुकडे पाडते. इंग्रजी मजकुराच्या मानाने भारतीय भाषांचे तुकडे फार पडत. मे २०२४ मध्ये ओपनएआयने नवी आवृत्ती काढताना दिलेल्या उदाहरणात एकाच छोट्या मजकुराच्या मराठी रूपाचे पूर्वी ९६ तुकडे होत असत, ते नव्या पद्धतीत ३३ वर आले. त्याच मजकुराच्या इंग्रजी रूपाचे तुकडे २७ वरून २४ झाले. मराठीची स्थिती सुधारली, हे ह्यावरून दिसते. पण यंत्राची घडण मुख्यतः इंग्रजीच्या अंगाने झाली आहे, हेही त्यातून कळते.

ह्या कार्यपद्धतीचा एक परिणाम विद्यार्थ्याने नीट ध्यानात ठेवला पाहिजे. पुढे येण्यास योग्य दिसणारा शब्द आणि सत्य विधान ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रंथाचे नाव, लेखक, साल, पृष्ठांक हे सारे संदर्भासारखे दिसेल अशा रीतीने यंत्र जुळवू शकते, मग तसा ग्रंथ अस्तित्वात असो वा नसो. २०२३ साली न्यूयॉर्कमधील एका संघीय न्यायालयात एका विमानकंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी काही पूर्वनिर्णयांचे दाखले दिले. ते निर्णय कोणत्याही न्यायालयाने कधीच दिलेले नव्हते. चॅटजीपीटीने ते रचले होते. न्यायालयाने त्या वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. त्यानंतरची यंत्रे महाजालावर शोध घेऊन दुवे देतात, तेव्हा असे प्रमाद टाळण्यास मदत होते; तथापि दिलेला दुवा उघडून त्यात ते विधान खरोखर आहे की नाही, हे पाहण्याचे काम अजून माणसाकडेच आहे.

निबंध कशासाठी लिहावयाचा?

एक उदाहरण घेऊ. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची कारणे लिहा, असा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास दिला आहे. ग्रंथालयात त्याला दुष्काळ चौकशी आयोगाचा १९४५ चा अहवाल मिळतो. तांदळाच्या एकूण पुरवठ्यातील तूट हे दुष्काळाच्या मूलभूत कारणांपैकी एक होय, असे त्यात म्हटलेले त्याला दिसते. पुढे अमर्त्य सेन ह्यांचा १९८१ सालचा 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' हा ग्रंथ त्याच्या हाती येतो. सेन दाखवितात की, १९४३ मधील पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून सुमारे ५ टक्केच कमी होता, आणि ज्या १९४१ साली दुष्काळ पडला नाही त्या सालापेक्षा तो १३ टक्के अधिक होता. धान्य होते, परंतु शेतमजूर, कोळी व कारागीर ह्यांची ते विकत घेण्याची शक्ती संपली होती, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

आता विद्यार्थी अडतो. दोन प्रमाणभूत ग्रंथ परस्परांशी जुळत नाहीत. कोणाचे आकडे कशावरून घेतले आहेत, सेन ह्यांच्या आकड्यांवर इतरांनी कोणते आक्षेप घेतले, 'तूट' ह्या शब्दाचा दोघांचा अर्थ एकच आहे काय, हे त्याला पाहावे लागते. कागदावर 'तथापि' हा शब्द लिहिताना पुढे काय लिहावयाचे हे त्याला ठरवावे लागते. बहुधा तो पहिला परिच्छेद खोडतो व पुन्हा लिहितो. ह्या अडण्यात आणि खोडण्यात दोन तास जातात. चिकित्सक विचार म्हणतात तो ह्याच दोन तासांत घडतो.

तोच प्रश्न यंत्रास दिला, तर ते बहुधा सांगेल की, ह्या दुष्काळास अनेक कारणे होती. आणि तूट, महागाई, युद्ध, सरकारी धोरण व क्रयशक्तीचा ऱ्हास अशी यादी देईल. ह्यातील एकही कारण चुकीचे म्हणता येणार नाही. परंतु दोन ग्रंथांमधील मतभेद त्या यादीत नाहीसा झालेला असेल. तो मतभेद विद्यार्थ्यास दिसलाच नाही, तर त्यावर निर्णय देण्याची वेळ त्याच्यावर येणार कशी?

कचेरीतील लेखनाची गोष्ट वेगळी आहे. २०२३ साली 'सायन्स' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४५३ सुशिक्षित व्यावसायिकांना लेखनाची कामे दिली होती. ज्यांना चॅटजीपीटी वापरू दिले त्यांचा वेळ सरासरी ४० टक्क्यांनी कमी झाला व लेखनाचा दर्जा १८ टक्क्यांनी वाढला. कचेरीत पत्र चांगले लिहून झाले की काम संपते. म्हणून तेथे हा लाभच होय. विद्यापीठातील निबंध मात्र गुणदानानंतर बहुधा रद्दीतच जातो. तो लिहिल्यामुळे लिहिणाऱ्याच्या ठायी जे उरते, त्यासाठीच तो लिहावयाचा असतो. हा भेद लक्षात घेतला नाही, म्हणजे वेळेची बचत हीच शिक्षणाची प्रगती वाटू लागते.

प्रयोग काय सांगतात?

तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे १,००० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २०२५ साली प्रसिद्ध झाला. विषय गणित होता, निबंध नव्हे. तरी त्याचे निष्कर्ष येथे उद्बोधक आहेत. विद्यार्थ्यांच्या एका गटास सरावाच्या वेळी साधे भाषायंत्र दिले. दुसऱ्या गटास दिलेले यंत्र शिक्षकांच्या सूचनांप्रमाणे उत्तर न सांगता केवळ पुढची खूण दाखवीत असे. तिसऱ्या गटास यंत्र दिले नाही. सरावात पहिल्या गटाचे गुण ४८ टक्क्यांनी व दुसऱ्याचे १२७ टक्क्यांनी अधिक निघाले. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा झाली. तेव्हा साध्या यंत्रावर सराव केलेले विद्यार्थी यंत्राविना शिकलेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. खूण दाखविणाऱ्या यंत्राच्या गटात ही हानी बहुतांशी टळली. एकाच यंत्राचे दोन वापर व त्यांची दोन भिन्न फळे, असे हे चित्र आहे.

२०२५ सालीच अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेच्या संशोधकांनी निबंधलेखनावरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ५४ जणांचे तीन गट केले. एकाने भाषायंत्राच्या, दुसऱ्याने महाजालावरील शोधसाधनाच्या साह्याने व तिसऱ्याने स्वतःच्या बुद्धीने लिहावयाचे, असे ठरले. लिहिताना प्रत्येकाच्या मेंदूतील विद्युत्-तरंगांची नोंद घेण्यात आली. मेंदूच्या विविध भागांतील परस्परसंबंध भाषायंत्राच्या गटात सर्वांत दुर्बल आढळले. पहिल्या बैठकीनंतर त्या गटातील १८ पैकी १५ जणांना आपल्याच निबंधातील एखादे वाक्य बरोबर सांगता आले नाही. हा अभ्यास लहान आहे; त्याच्या शेवटच्या बैठकीस तर १८ जणच उरले होते, आणि तज्ज्ञांच्या परीक्षणापूर्वीच तो प्रसिद्ध करण्यात आला. म्हणून त्यावरून मेंदू निकामी होतो असा डंका पिटणे गैर होय. मात्र त्यातील एक निरीक्षण पुढील संशोधनास दिशा देणारे आहे : आधी स्वतः लिहून मग यंत्र हाती घेणाऱ्यांना आपला मजकूर अधिक चांगला आठवत होता.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट व कार्नेगी मेलन विद्यापीठ ह्यांच्या संशोधकांनी ३१९ बौद्धिक काम करणाऱ्यांची पाहणी केली. यंत्रावर ज्यांचा विश्वास अधिक ते चिकित्सा कमी करतात, व स्वतःच्या कौशल्यावर ज्यांचा विश्वास अधिक ते चिकित्सा अधिक करतात, असे तीत दिसून आले. विद्यार्थिदशेत हे दुसऱ्या प्रकारचे बळ अजून यावयाचे असते. म्हणून यंत्रावर विसंबण्याचा धोका त्याच वयात जास्त संभवतो.

पकडणे किती अवघड आहे?

तयार उत्तरावर वेळ मारून नेण्याची वृत्ती आपल्याकडे नवी नाही. गाइडे आणि उतरवून घेतलेल्या नोट्स पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. परंतु गाइड सर्वांना एकच उत्तर देते. दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्या की ते उघडकीस येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी जे विनियम केले, तेही ह्याच तत्त्वावर उभे आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास शिक्षा नाही, पुढे साम्याच्या प्रमाणात शिक्षा वाढत जाते, आणि ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास संशोधक विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. भाषायंत्र मात्र प्रत्येकास निराळा मजकूर देते. ज्याला मूळ प्रतच नाही, त्याचे साम्य कशाशी ताडून पाहावयाचे?

इंग्लंडमधील रीडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी ह्याची परीक्षाच घेतली. मानसशास्त्राच्या पदवी परीक्षेत त्यांनी ३३ काल्पनिक विद्यार्थ्यांच्या नावे यंत्राने लिहिलेली उत्तरे घातली. परीक्षकांना ह्याची कल्पना नव्हती. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांपैकी ९४ टक्के उत्तरांविषयी कोणासही शंका आली नाही, आणि त्यांना मिळालेले गुण खऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा सरासरीने अधिक होते.

मग यंत्र पकडण्यासाठी यंत्रच का वापरू नये? तसे प्रयत्न झाले. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असे एक शोधक साधन काढले आणि त्याची अचूकता अपुरी म्हणून जुलैमध्ये ते स्वतःच मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा परीक्षार्थींनी स्वहस्ते लिहिलेले ९१ निबंध त्यांनी ह्या साधनांना वाचावयास दिले. सरासरीने ६१ टक्के निबंध यंत्रलिखित ठरविले गेले. अमेरिकन शाळकरी मुलांच्या निबंधांबाबत अशी चूक क्वचितच झाली. कारण उघड आहे : परक्या भाषेत लिहिणारा मनुष्य ओळखीचे शब्द व साध्या रचना वापरतो, आणि पुढचा शब्द सहज ओळखता येणारे लेखन हीच ह्या साधनांच्या लेखी यंत्राची खूण असते.

आपल्या देशातील वाचकांनी ह्या निष्कर्षाचा विशेष विचार करावा. मराठी, कन्नड वा ओडिया माध्यमातून शालेय शिक्षण घेऊन इंग्रजीत प्रबंध लिहिणारे विद्यार्थी आपल्या विद्यापीठांत मोठ्या संख्येने आहेत. शब्दकोश उशाशी घेऊन ज्याने एकेक वाक्य कष्टाने जुळविले, त्याच्यावर केवळ साधेपणामुळे अप्रामाणिकपणाचा आरोप यावा, ह्याहून मोठा अन्याय कोणता? अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्याकडील असे साधन बंद केले, तेव्हा एक साधा हिशेब मांडला होता. तेथे २०२२ साली ७५,००० लेख तपासणीसाठी गेले होते; चुकीचे प्रमाण केवळ १ टक्का धरले तरी सुमारे ७५० लेख विनाकारण दोषी ठरले असते.

मार्ग कोणता?

सरसकट बंदी पाळून घेता येत नाही, आणि सरसकट मोकळीक दिल्यास निबंधाचे प्रयोजन उरत नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाने परीक्षांचे दोन वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात विद्यार्थ्याने देखरेखीखाली, समक्ष लिहावयाचे किंवा बोलावयाचे; दुसऱ्या वर्गात यंत्राचा वापर मोकळा, कारण तेथे त्याचा योग्य वापर शिकविणे हेच उद्दिष्ट असते. ह्या विभागणीमुळे शिक्षकास संशयाने पाहण्याची गरज उरत नाही.

आपल्याकडे पीएच.डी. प्रबंधानंतर मौखिक परीक्षा होते. तीच रीत पदवीच्या निबंधासही लावता येईल. "हा निष्कर्ष तुम्ही कशावरून काढलात?" आणि "ह्याविरुद्ध कोणी काय म्हटले आहे?" असे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ कळते. ह्यास वेळ लागतो, हे मात्र मान्य केले पाहिजे. वर्गात १०० विद्यार्थी असतील व प्रत्येकास १० मिनिटे द्यावयाची, तर एका निबंधापायी जवळजवळ १७ तास खर्च होतील. तेव्हा वर्षात सहा निबंधांऐवजी दोनच द्यावेत, त्यांची टिपणे व कच्चे खर्डे मागावेत, आणि मग विद्यार्थ्याशी बोलावे, हे अधिक व्यवहार्य ठरेल.

यंत्राचा वापर झाला असल्यास तो लपवू नये. 'नेचर' ह्या नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्येच स्पष्ट केले की, भाषायंत्रास लेखक म्हणून मान्यता मिळणार नाही, कारण लेखकत्वाबरोबर उत्तरदायित्व येते व ते यंत्र स्वीकारू शकत नाही. मात्र वापर केल्यास तो निबंधात नमूद करावा. हाच नियम वर्गातील निबंधास लावण्यास हरकत नसावी.

आणि यंत्राचा एक उपयोग आपल्या परंपरेस जुळणारा आहे. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, त्याच्या संपूर्ण बळानिशी मांडून मगच सिद्धान्त सांगण्याची शिस्त आढळते. विद्यार्थ्याने आपला निबंध आधी स्वतः लिहावा, नंतर तो यंत्रापुढे ठेवून "ह्यावर कोणते आक्षेप येतील?" असे विचारावे. आलेल्या आक्षेपांपैकी कोणते खरे व कोणते पोकळ, हे ग्रंथ उघडून पडताळावे. येथे उत्तर देण्याचे काम विद्यार्थ्याकडे राहते. आधी वाचन, मग स्वतःचा खर्डा, मग यंत्र आणि शेवटी पुन्हा ग्रंथ, हा क्रम पाळला तर त्या साधनाचे भय बाळगण्याचे कारण नाही.

बंगालच्या दुष्काळावर लिहिणारा तो विद्यार्थी पुढे कदाचित जिल्ह्याच्या कचेरीत काम करील, कदाचित वृत्तपत्रात, कदाचित एखाद्या शाळेत. त्याचा निबंध तोवर कोठे तरी हरवून गेलेला असेल. एक दिवस त्याच्यासमोर एक सफाईदार अहवाल येईल. धान्य पुरेसे आहे, असे त्यात लिहिलेले असेल, आणि दाराशी उपाशी माणसे उभी असतील. तेव्हा तो अहवाल बाजूस ठेवून आकडे पुन्हा तपासण्याचे त्याला सुचावे, ह्यासाठी ग्रंथालयातील ते दोन तास त्याने स्वतःच घालविलेले असले पाहिजेत.